रविवारी सकाळचं घुबड : पोकेमॉन गोल्डच्या दुरुस्तीच्या आणि खेळाच्या नोंदी

शनिवार, ६ जुलै २०२४

आईच्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, आकाशकंदिलाच्या मागे, बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत तीन वस्तू : जांभळा गेम बॉय कलर (हातात धरून खेळायचं यंत्र), पोकेमॉन गोल्ड या खेळाची कॅसेट आणि एक दोनशेपानी वही. कॅसेट म्हणजे कार्ट्रिज, पण आमच्या गल्लीत सगळेच कॅसेट म्हणायचे, म्हणून इथेही तोच शब्द ठेवते.

२००२ च्या दिवाळीत मामाने मस्कतहून हे दादासाठी आणलं होतं. दादा सातवीत, मी चौथीत, दोघंही मराठी शाळेत. दादाचं इंग्रजी दोन वर्षांचं, माझं जवळजवळ शून्य. खेळ मात्र सगळा इंग्रजीत, आणि हा रोल प्लेइंग गेम : गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलायचं, ते सांगतील त्यावरून पुढचा रस्ता शोधायचा, वाटेत पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचे आणि ते झुंजवायचे. आम्ही शब्दांचे आकार पाठ केले. फाइट वर डावीकडे, रन खाली उजवीकडे. बाकी सगळं वहीत. दादा निळ्या पेनाने लिहायचा, मी पेन्सिलने.

काम असं ठरवलं आहे. यंत्र चालू करायचं. कॅसेटमधली बॅटरी बदलायची. मग खेळ पहिल्यापासून खेळायचा, आणि या वेळी प्रत्येक वाक्य वाचत खेळायचा. वाचायला दादाची मुलगी आहे. ती पाचवीत आहे, नाशिकरोडला इंग्रजी माध्यमात शिकते, शनिवार-रविवार बहुधा आमच्याकडे पंचवटीत असते. तिला जुनी वही दाखवली तर म्हणाली, "आत्या, हे अक्षर मला लागत नाही गं." ठीक. ती पडद्यावरचं वाचेल, मी वहीतलं.

रविवार, ७ जुलै

आधी यंत्र. सेलच्या खणात पांढरी-हिरवी पूड जमली आहे. शेवटचे सेल कोणी काढलेच नव्हते. साधे झिंक-कार्बन सेल. त्यांची गळती आम्लधर्मी असते, म्हणून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावला. (अल्कलाइन सेल गळला असता तर उलट, व्हिनेगर लागलं असतं.) मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग स्प्रिंगांवर बारीक पॉलिश पेपर. एका स्प्रिंगचा मुलामा गेला आहे पण धातू शाबूत आहे.

दोन नवे सेल घातले. लाल दिवा लागला. ओळखीचा टिणटिण आवाजही आला. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि त्याला स्वतःचा उजेड नाही, खिडकीकडे वळवून धरावा लागतो. लोडशेडिंगच्या काळात आम्ही दोघं इमर्जन्सी लॅम्पखाली एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून बसायचो ते त्यामुळेच.

कॅसेट घातली. खेळ सुरू झाला, पण पहिल्या यादीत कंटिन्यू नाही. फक्त न्यू गेम आणि ऑप्शन. म्हणजे जुना सेव्ह, जिथवर खेळलो होतो तिथवरची साठवण, गेला. अपेक्षा नव्हतीच, तरी खेळ बंद करून पुन्हा एकदा लावून पाहिला.

शनिवार, १३ जुलै

कॅसेटचा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाही. त्याला ३.८ मिमीचा गेमबिट लागतो. एम. जी. रोडला चार दुकानं फिरले, कोणाकडेच नाही. ऑनलाइन मागवलेला काल आला. आज उघडली.

आतला बोर्ड काड्यापेटीपेक्षा थोडाच मोठा. कॅसेट अस्सल आहे याची खात्री इथेच पटली. त्या काळी आपल्याकडे मिळणाऱ्या बनावट कॅसेटमध्ये चिपच्या जागी काळ्या इपॉक्सीचा गोळा असायचा आणि सेव्ह टिकायचा नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाची तशीच होती, तो दर वेळी पहिल्यापासून खेळायचा. आमच्या बोर्डवर चार सुट्या चिपा, त्यांवर छापील क्रमांक, आणि कडेला चांदीच्या नळकांडीसारखा छोटा क्रिस्टल.

हा क्रिस्टलच या कॅसेटचं वेगळेपण आहे. याच मालिकेतल्या आधीच्या रेड आणि ब्लू या खेळांमध्ये बॅटरी फक्त सेव्ह सांभाळायची. गोल्ड आणि सिल्व्हर जपानमध्ये नोव्हेंबर १९९९ मध्ये आले, तेव्हा त्यांत खरं चालणारं घड्याळ घातलं. क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. मनगटी क्वार्ट्झ घड्याळात हेच असतं. (गेम बॉय कलरला दाखवता येणारे एकूण रंगही ३२,७६८. तिथे रंगाची माहिती पंधरा बिटांत असते. आकडा तोच, कारण निराळं. मला ही जुळणी फार आवडते.)

खेळ बंद असला, कॅसेट कपाटात असली तरी घड्याळ चालूच राहतं. त्या बदल्यात बॅटरी लवकर संपते. मल्टिमीटर लावला : ०.४ व्होल्ट. नवी असते तेव्हा ३ च्या वर असते. आकाशकंदिलामागे हे घड्याळ नक्की किती वर्षं चालत होतं ते आता कळणार नाही, पण आम्ही दहावी-बारावीच्या मागे लागलो तेव्हाही आत दिवस-रात्र होत असणार.

गुरुवार, १८ जुलै

बॅटरी सीआर २०२५. नावातच माप आहे : २० मिमी व्यास, २.५ मिमी जाडी. गाडीच्या रिमोटमध्ये चालते, त्यामुळे कुठेही मिळते. पण मिळते ती नुसती टिकली. कॅसेटला हवी टॅबवाली, दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या जोडलेली. नुसत्या टिकलीवर थेट सोल्डर करणं धोक्याचं. लिथियमचा सेल तापला तर फुटू शकतो. ऑफिसात कोणी "अगं, पटकन टाका मार, काही होत नाही" म्हणालं तरी मी ते करणार नव्हते. मी सातपूरला पॅनेल टेस्टिंगला आहे. पटकन मारलेल्या टाक्यांचं काय होतं ते रोज बघते.

अंबडला बॅटरी पॅक बनवणारे एक ओळखीचे काका आहेत. त्यांच्याकडे स्पॉट वेल्डिंगचं मशीन आहे. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर गेले. त्यांनी निकेलच्या दोन पट्ट्या कापल्या, चार ठिणग्या, काम झालं. पैसे घेतले नाहीत. हे कशासाठी, विचारलं. सांगितलं. म्हणाले, "म्हणजे घड्याळच की." बरोबर ओळखलं.

शनिवार, २० जुलै

जुनी बॅटरी काढली. बोर्डवर अधिक-उणे छापलेलं आहे, तरी आधी फोटो काढून ठेवला. नवी बसवली. मल्टिमीटरवर ३.२४. कॅसेट बंद केली. उद्या भाची येणार.

रविवार, २१ जुलै. गुरुपौर्णिमा

या नोंदीला वेळ लागणार आहे, कारण आज बावीस वर्षांचं भांडण मिटलं.

न्यू गेम दाबला. काळा पडदा. भाची वाचायला लागली. "कोणीतरी झोपलंय. झोपमोड झाली म्हणतंय. घड्याळ बघून सांग म्हणतंय, किती वाजले." पडद्यावर आकडा होता : सकाळचे १०.

मी म्हटलं, थांब. ए बटण दाबू नकोस.

वही काढली. पहिल्या पानावर दादाच्या अक्षरात : "४ नोव्हेंबर २००२, लक्ष्मीपूजन. रात्री ८ वाजता सुरू केला." आणि आम्ही सुरुवात कशी केली ते मला लख्ख आठवतं. काही कळत नव्हतं म्हणून दादा ए, ए, ए दाबत गेला होता. म्हणजे रात्री आठ वाजता आम्ही खेळाला सकाळचे दहा वाजले असं सांगितलं. खेळाने आमच्यावर विश्वास ठेवला. तिथून पुढे तो आमच्या दहा तास मागे चालत राहिला.

आता भांडण. गेम दादाचा होता. तो शाळा-क्लास आटोपून संध्याकाळी खेळायचा. मला मिळायचा रविवारी सकाळी, दादा क्रिकेटला गेला की. आमचा दोघांचा सेव्ह एकच, कारण कॅसेटमध्ये जागाच एका सेव्हची. दादा म्हणायचा खेळात कायम उजेड असतो. मी म्हणायचे कायम अंधार असतो, सगळं निळं-जांभळं दिसतं, आणि घरांत माणसं झोपलेली असतात. तो म्हणायचा, तुझे डोळे बघ. वहीच्या सहाव्या पानावर माझी पेन्सिलची ओळ आहे : "घुबड. फक्त रविवारी सकाळी." तिच्यावर निळ्या पेनाची आडवी रेघ आणि पुढे एकच शब्द : "खोटं."

भाचीला कागद दिला. खेळात पहाटे ४ ते १० सकाळ, १० ते संध्याकाळी ६ दिवस, त्यानंतर रात्र. दहा वजा कर. दादा संध्याकाळी सातला बसायचा, तिथे सकाळचे नऊ. मी रविवारी सकाळी नऊला, तिथे रात्रीचे अकरा. घुबड, म्हणजे हूटहूट, गावाबाहेरच्या पहिल्या रस्त्यावर रात्रीच निघतं. पुढच्या पानावर माझा "कोळी" आहे, तो स्पिनारॅक. गोल्डमध्ये तोही रात्रीचाच. दादाला दोन्ही दिसणं शक्यच नव्हतं. मला दादाची ती कावळ्या-चिमण्यांची वर्दळ दिसणं शक्य नव्हतं. दोघंही डोळ्यांना दिसलं तेच लिहीत होतो.

दादाला फोन लावला. "दादा, सुरुवातीला तू नुसतं ए दाबत सुटला होतास ना?" म्हणाला, "मग काय करणार होतो? वाचता येत होतं का?" मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "म्हणजे घुबड होतं?"

होतं.

आज खरी वेळ भरली. नंतर खेळातली आई वार विचारते, रविवार सांगितला. तिने पुढे विचारलं, तुमच्याकडे उन्हाळी वेळ चालू आहे का? भाचीने हे काय असतं विचारलं. काही देशांत उन्हाळ्यात सगळी घड्याळं एक तास पुढे करतात, हे तिला पटवायला दहा मिनिटं गेली. "आणि सूर्य?" म्हणाली. सूर्य आहे तिथेच, म्हटलं. नो दाबलं.

पहिला प्राणी म्हणून सिंडाक्विल निवडला, पाठीवर जाळ असलेला. टोपणनाव दिलं शेकोटी. रोमन लिपीत सात अक्षरं झाली, दहापर्यंत चालतात.

त्याच दिवशी, रात्री ९

सेव्ह गेला. दुपारभराचा खेळ, शेकोटी, सगळं. संध्याकाळी लावला तर पुन्हा फक्त न्यू गेम. भाची रडली नाही, पण बोललीही नाही. चूक माझी. टाका घातल्यावर सेव्ह करून, तासभर कॅसेट बाहेर ठेवून, पुन्हा लावून बघायला हवं होतं. कारखान्यात एकही पॅनेल चाचणीशिवाय पुढे जाऊ देत नाही आणि घरी पोरीच्या हातात तसंच दिलं.

सोमवार, २२ जुलै

पुन्हा उघडली. उणे बाजूचा टाका कोरडा राहिला होता. ती पट्टी बोर्डच्या ग्राउंडला जोडलेली असते, तिथे तांब्याचा पसारा मोठा, तो उष्णता ओढून घेतो. माझं आयर्न २५ वॅटचं, सोल्डर वरून चमकलं पण खाली धरलं नाही. पट्टी चिमट्याने हलवली की व्होल्टेज शून्यावर यायचं. फ्लक्स लावून, टोक जास्त वेळ टेकवून नवा टाका घातला. हलवून पाहिलं, ३.२३ स्थिर.

आता रोज सेव्ह तपासायचा, शनिवारपर्यंत.

शनिवार, २७ जुलै

पाच दिवस सेव्ह टिकला. भाची आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वेळ मोबाइलशी मिनिटाला जुळवली. पुन्हा सिंडाक्विल, पुन्हा शेकोटी.

रविवार, २८ जुलै

वहीतलं दुसरं कोडं सुटलं. दादाची ओळ : "जिंकल्यावर पैसे कमी मिळतात. कोणीतरी घेतं." आम्ही त्यासाठी दुकानदारावर, मग एका वाटेवरच्या म्हाताऱ्यावर संशय घेतला होता. भाचीने आज वाचलं. अंड्याचं काम करून परत आल्यावर आई म्हणते, तू प्रवासाला निघालास, तुझ्या पैशातला थोडा हिस्सा मी बाजूला ठेवू का? पहिलं उत्तर येस. आम्ही अर्थातच ए दाबला. आई पैसे साठवत होती. त्यातून ती मधूनमधून वस्तूही घेऊन ठेवते, घरात ठेवायच्या बाहुल्या वगैरे.

आमच्या आईला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग बरोबरच करत होती की."

शनिवार, ३ ऑगस्ट

पाऊस थांबत नाही. गोदेला पाणी वाढलंय, गल्लीत सगळे दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं तेच विचारतायत. बाहेर जाणं नाही, म्हणून खेळ पुष्कळ पुढे गेला.

व्हायोलेट सिटीच्या दक्षिणेला रूट ३२ वर एक माणूस अडवतो. वहीत माझी ओळ : "१०,००,००० मागतो. नाही म्हण." आकडा आणि येस-नो एवढंच कळत होतं. आज भाचीने वाचलं : तो स्लोपोक नावाच्या प्राण्याची शेपटी विकतोय, चविष्ट आणि पौष्टिक म्हणून. पुढच्या गावात, अझेलियात, विहिरीवर काळ्या कपड्यांची टोळी. ते टीम रॉकेट. वहीत मी लिहिलं होतं, "विहिरीत प्राण्यांचा दवाखाना. डॉक्टर मारामारी करतात." दवाखाना नव्हता. ते शेपट्या कापून विकत होते, आणि मागच्या रस्त्यावरचा तो माणूस त्याच धंद्यातला.

भाचीने खेळ खाली ठेवला आणि म्हणाली, "तो आपल्याला आधीच भेटला होता." मला गप्प राहावंसं वाटलं. बनवणाऱ्यांनी ते किती जपून मांडलं होतं, गाव यायच्या आधी माल दाखवला, कारण मागून. आम्ही त्या माणसासमोरून नऊ-दहा वर्षांच्या वयात शंभर वेळा गेलो.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी, आणि गुरुवार. गोल्डनरॉडच्या उत्तरेला नॅशनल पार्कात किडे पकडण्याची स्पर्धा मंगळवार, गुरुवार, शनिवार भरते. आज ध्वजवंदन आटोपून भाची आली ती थेट तिकडे.

हा खेळ मुळात किड्यांतूनच आला. सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदात वाढले, लहानपणी किडे जमवायचे. शहर पसरलं, ओढे-शेतं गेली, किडेही गेले. पुढच्या मुलांना तो आनंद मिळावा म्हणून त्यांनी हे रचलं. पहिले दोन भाग, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आले. १५१ प्राणी होते. गोल्ड-सिल्व्हरमध्ये शंभर वाढून २५१ झाले.

मी भाचीला सांगितलं, मखमलाबाद रोडला द्राक्षबागांच्या बांधावर आम्ही चतुर पकडायचो आणि लगेच सोडायचो. तिने विचारलं तिथे आता काय आहे. इमारती आहेत, आमच्या कंपनीतले दोघं तिथेच राहतात.

स्पर्धेत तिसरा नंबर.

रविवार, १८ ऑगस्ट

गाय.

वहीचं एकोणिसावं पान फक्त हिचं. वर "गाय", खाली उभ्या रेघांचे गठ्ठे, पाच-पाचचे. चौदा पराभव. गोल्डनरॉडच्या जिमची, म्हणजे झुंजीच्या आखाड्याची, प्रमुख विटनी, तिचा मिल्टँक, लेव्हल २०. तिला हरवलं की बॅज मिळतो. जगभर ज्यांनी हा खेळ खेळला त्यांना ही गाय आठवते. तिची रोलआउट नावाची चाल सलग पाच फेऱ्या चालते आणि प्रत्येक वेळी दुप्पट होते. भाचीने बोटांवर केलं : ३०, ६०, १२०, २४०, ४८०. मध्ये थांबवलं नाही तर चौथ्या फेरीला काही उरत नाही. थोडं जखमी केलं की दूध पिऊन बरी होते.

आज दोनदा हरलो. तिसऱ्या वेळी वाचून खेळलो. डिपार्टमेंट स्टोअरच्या पाचव्या मजल्यावर एक जण ड्राउझीच्या बदल्यात मॅचॉप देतो. ड्राउझी शहराच्या दक्षिणेलाच मिळतो. मॅचॉप फायटिंग प्रकारचा, गाय नॉर्मल प्रकारची, त्यामुळे मार दुप्पट बसतो. हा सौदा शहरातच ठेवलेला आहे, जिमपासून चार पावलांवर. आम्ही त्या माणसाशीही बोललो असणार. त्याने सांगितलंही असणार.

पण पुढचं जास्त लागलं. वहीत चौदा रेघांखाली : "जिंकलो!!! पण रडते. बॅज देत नाही." आणि मग जवळजवळ तीन महिने काहीच नाही. बॅज नाही म्हणून फुलवाली झारी देत नाही, झारी नाही म्हणून वाटेतलं ते झाडासारखं सोंग घेतलेलं सुडोवुडो हटत नाही, रस्ता बंद. आम्हाला वाटलं गेम बिघडला. दादाने कॅसेट फुंकून पाहिली, पुसून पाहिली.

आज भाचीने वाचलं. विटनी हरल्यावर रडते. आपण निघालो की जिममधली एक मुलगी अडवून सांगते, ती हरली की नेहमीच रडते, थांबेल थोड्या वेळाने. मागे वळून पुन्हा बोललं की विटनी डोळे पुसत विचारते, काय हवंय, अरे हो, बॅज. संपलं. एक वाक्य. त्याच्यावाचून आम्ही तीन महिने गोल्डनरॉडच्या रस्त्यांवर फिरत होतो. शेवटी दादाने कंटाळून तिच्यासमोर पुन्हा ए दाबला तेव्हा सुटलो. वहीत "अचानक दिला" असं आहे.

मला त्या दोन मुलांचा अभिमान वाटतो. चुकीचं घड्याळ आणि न कळणारी भाषा घेऊन ते गाईपर्यंत पोचले आणि जिंकलेही.

सोमवार, १९ ऑगस्ट. राखीपौर्णिमा

दादा-वहिनी आले. जेवणानंतर दादाने गेम बॉय हातात घेतला. अंगठे आपोआप जागेवर गेले. भाचीने त्याला बटणांची माहिती द्यायला सुरुवात केली, त्याने ऐकून घेतलं.

संध्याकाळी सातनंतर तिला म्हणाला, चल, पहिल्या रस्त्यावर जाऊ. गवतात फिरत राहिला. पडदा निळा-जांभळा. चौथ्या वेळी घुबड आलं. पकडलं नाही, नुसतं बघितलं. मग वही मागितली, सहावं पान उघडलं, "खोटं" या शब्दाखाली लिहिलं : "खरं. १९ ऑगस्ट २०२४, संध्या. ७:२०." पेन निळंच मिळालं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

भाचीचा प्रश्न : एवढं सगळं मावतं कसं? कॅसेट दोन मेगाबाइटची. तिच्या मोबाइलमधला एक फोटो त्याहून मोठा असतो. जोहतो प्रदेश आठ जिमचा, आणि तो संपल्यावर पहिल्या खेळाचा कांतो प्रदेशही, आणखी आठ. हे बसवायला सातोरू इवाता यांची मदत झाली. ते तेव्हा हॅल लॅबोरेटरीचे अध्यक्ष होते, निन्टेन्डोचे झाले ते २००२ मध्ये. अध्यक्ष असून त्यांनी स्वतः बसून माहिती आवळून बसवण्याची साधनं लिहून दिली. मला हे फार मोठं वाटतं.

एक्रुटीक गाठलं. जुनं शहर, जळका मनोरा, क्योटोच्या धर्तीवर बेतलेलं. नृत्यशाळेत पाच किमोनोवाल्या मुली, प्रत्येकीकडे ईव्ही या प्राण्याचं एकेक वेगळं रूप. ईव्हीला लळा लागला की तो दिवसा एस्पिऑन होतो, रात्री अम्ब्रिऑन. वहीत दादाची नोंद : एस्पिऑन, संध्याकाळी ६:३०. आमच्या हिशोबाने तिथे सकाळचे ८:३०. जुळलं.

शनिवार, ७ सप्टेंबर. गणेश चतुर्थी

आज खेळ नाही. चार्जर, आयर्न, मल्टिमीटर सगळं टेबलावरून हलवलं, तिथे मखर आहे.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

भाची गणपतीला इथेच राहिली आहे, म्हणून शुक्रवार साधता आला. युनियन केव्हच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर लॅप्रस फक्त शुक्रवारी येतो. पाण्यातून जायला सर्फ नावाची चाल लागते, ती नृत्यशाळेत मिळाली, आणि वापरायला लागणारा बॅज गेल्या आठवड्यात. वहीत लॅप्रस कुठेच नाही. २००२ मध्ये वारही आम्ही ए दाबूनच भरला होता, आमचा शुक्रवार भलत्याच दिवशी यायचा.

आरती झाल्यावर बसलो. गुहेत खाली उतरलो, पाण्यात मध्यभागी तो होता. आपण जवळ जाईपर्यंत तिथेच राहतो. सहा बॉल लागले. भाचीने वही घेतली आणि माझ्या एका जुन्या पानाखाली, मला न विचारता, मराठीत लिहिलं : "लॅप्रस. युनियन केव्ह, खालचा मजला. शुक्रवार. लेव्हल २०." व्हमधला पाय मोडायचा राहिला होता, तो तिने नंतर स्वतःच मोडला.

घड्याळ तपासलं. पोकेगियरवर, म्हणजे खेळातल्या घड्याळावर, मिनिट बदलायची वाट पाहत मोबाइल शेजारी धरला. ४८ दिवसांत सव्वा मिनिट मागे पडलंय, म्हणजे दिवसाला दीड सेकंदाच्या आसपास. या क्रिस्टलला हे चालण्यासारखं आहे. वेळ बदलायची सोय आहे, पण नाव, क्रमांक आणि जवळचे पैसे यांवरून निघणारा पासवर्ड लागतो. भाची म्हणाली राहू दे, सव्वा मिनिटाने घुबडाला काही फरक पडत नाही.

सेव्ह तपासला. आहे. पुढे महोगनी टाउन.